सीट बाबांची होती

अंजनाच्या आखातातल्या घरात ‘इंशाल्ला’चा अर्थ ‘नाही’ असा होता. हे तिच्या लेकीला, अक्षताला, कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिनेच ताडलं होतं. मांजर पाळू या? इंशाल्ला. शुक्रवारी स्केटिंगला जाऊ या? इंशाल्ला. हा शब्द आला की समजायचं, खलास. खरा होकार घरात एकच, थेट गावाकडच्या कारंज्याहून विमानात बसून आलेला: हाव. हाव म्हटलं की ते होतंच.

म्हणून तर अंजनाची पंचाईत झाली. मेथी निवडता निवडता ती हाव म्हणून बसली होती.

नवीकोरी सायकल मिळालेल्या सात वर्षांच्या लेकीने विचारलं होतं, “आई, डू यू ईव्हन नो सायकलिंग?”

“मले विचारतं? तुयाएवढी होती तं गावभर सायकल हाणत होती मी.”

“देन फ्रायडेला अराद बे. फुल राउंड. यू अँड मी. फ्लेमिंगो बघायला.”

“हाव.”

यात एक शब्दही खोटा नव्हता. फक्त एक बारीकशी गोष्ट सांगायची राहून गेली होती, आणि ती अंजनाच्याही ध्यानात नव्हती.

शुक्रवारी सकाळी अरादच्या खाडीवर कोवळं ऊन होतं. पाण्याला वळसा घालून गेलेली पायवाट, कडेला खारी झुडपं, आणि डोक्यावरून मुहर्रकच्या विमानतळाकडे उतरणारी विमानं, इतकी खाली की वाटावं, हात वर केला तर चाक लागेल. अंजनासाठी खालच्या मजल्यावरच्या झोहराने आपली पुढे टोपली असलेली सायकल दिली होती. लहू, अंजनाचा नवरा, आपली उंच जुनी सायकल घेऊन आला होता. विमानतळावर एसी दुरुस्तीच्या ड्यूटीला तो तिच्यावरूनच जायचा.

अंजनाने ओढणी कंबरेला खोचली, हॅण्डल धरलं, उजवा पाय उचलला, आणि तिला कळेना, हा आता घालायचा कुठे.

सायकलला मधली दांडी नव्हती. दांडीच नाही, तर तिच्याखालून पाय घालणार कसा? मग ती सीटवर बसली. पायडल मारलं. सायकल डावीकडे गेली, अंजना उजवीकडे, आणि दोघींची भेट झुडपात झाली. दुसऱ्यांदाही तसंच झालं, झुडूप तेवढं वेगळं.

लहू हसू दाबत म्हणाला, “काहून वं, सीटवर कधी बसलीच नाही का तू?”

“सीट बाबाची होती,” अंजना कपडे झटकत म्हणाली. “माया वाट्याले खालची तिकोनी जागाच होती.”

तिचे बाबा शाळेत शिपाई होते. दुपारी त्यांचा डोळा लागला की अंजना सायकल पळवायची. सीट तिच्या खांद्याला लागायची, म्हणून कैची. दांडीखालून उजवा पाय पलीकडे, उजवी काख सीटवर, अर्धं पायडल खाली, अर्धं वर. परत आणल्यावर सीटवरचा घाम फ्रॉकने पुसून ठेवायची. बाबांना काही पत्ता नाही, असं तिला वाटायचं. एक दिवस दांडीला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली दिसली, नेमकी तिचा गुडघा घासायचा तिथेच. पुढे सीटवर बसून पाय पोचू लागले तेव्हा कॉलेजची एसटी सुरू झाली होती, आणि सायकल राहिली ती राहिलीच.

अक्षता हेल्मेट घालून ऐकत उभी होती. “सो यू कान्ट.”

“येते ना माय. कैची येते.”

“व्हॉट कैची? पेपर कापतात ती?” तिने पाण्याकडे तोंड फिरवलं. “इट्स ओके. इट वॉज अ ‘हाव’, बट इट्स ॲन ‘इंशाल्ला’.”

हे मात्र अंजनाला झुडपापेक्षा जास्त बोचलं. ती लहूपाशी गेली. “द्या ती इकडे.”

“अंजे, लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या. त्याईले कुठी दिसते अशी सायकल.”

तिने सायकल तिरकी केली, दांडीखालून पाय घातला, सीट काखेत दाबली आणि निघाली. खटक. खटक. खटक. बत्तीस वर्षांची बाई खेकड्यासारखी वाकडी होऊन खाडीकाठाने चालली होती. पळायला आलेला एक म्हातारा अरब थांबला, त्याने कानातली गाणी काढली आणि तोंडभरून म्हणाला, “माशाल्ला.” मागून लहू झोहराच्या सायकलवर, टोपलीत सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या.

“आई, यू लुक सो फनी,” अक्षता तिच्या बाजूने सायकल मारत ओरडली. मग थोडं थांबून, “फास्टर.”

अंजनाला हसू येत होतं आणि हसलं की हॅण्डल हलत होतं. पण पाय विसरले नव्हते. अर्धं खाली, अर्धं वर.

खाडीच्या पलीकडच्या काठाला, उथळ पाण्यात ते फ्लेमिंगो उभे होते, गुलाबीसर, झोपाळू, प्रत्येक जण एका पायावर. अक्षता बराच वेळ बघत राहिली.

“आई, दे आर ऑल डुइंग कैची.”

अंजना हसता हसता खाली बसली आणि गुडघा चोळू लागली. दांडीने चांगलाच सोलला होता. अक्षताने ते पाहिलं. तिने अंगातला स्वेटर काढला, बापाच्या सायकलच्या दांडीला गुंडाळला आणि बाह्यांची गाठ मारली, नेमकी तिथेच.

अंजना त्या गाठीकडे बघत राहिली. “हे तुले कोनं सांगतलं?”

“नोबडी. यू वेअर गेटिंग हर्ट.” अक्षताने हेल्मेटचा पट्टा आवळला. “नेक्स्ट फ्रायडे सीटवर शिकशील? मी मागून पकडते.”

अंजनाच्या जिभेवर नेहमीचा शब्द आला होता. तिने तो गिळला.

“हाव.”

“यल्ला, चल मग. हाफ राउंड बाकी आहे.”