पांढरा बल्ब

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. बायको त्याला ‘तुमचा फ्यूज’ म्हणते. मी चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन होतो, त्यामुळे हा विनोदही तेवढीच वर्षं चालला. आता तो ऐकला की मला मान वर करवत नाही.

थोरली बहीण नवरा गेल्यावर आमच्याकडे राहायला आली. दोन वर्षांत तिनं कशाची म्हणून मागणी केली नाही. काय हवं-नको विचारलं की “मला काय लागतंय?” एवढंच. या हिवाळ्याच्या तोंडावर मात्र ती म्हणाली, “मागच्या अंगणात एक कोंबडी ठेवू का रे? जमेल मला.”

कोंबडी आली, खुडूक झाली. ताईनं ओळखीच्या बाईकडून नऊ अंडी आणून तिच्याखाली ठेवली. अठराव्या दिवशी कोंबडी अंड्यांवरून उठली ती उठलीच. आणि थंडी तर अशी की खिशातून हात बाहेर काढवत नव्हता. मी म्हटलं, “सोड आता नाद.” ताईनं ऐकलं नाही. अंडी लोकरीच्या शालीत गुंडाळली, स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि तीन दिवस खुर्चीत बसून काढले. झोपसुद्धा बसूनच. एकविसाव्या दिवशी तिच्या पोटाशी चिवचिव सुरू झाली. नऊच्या नऊ!

“वन्सं, बाळंतपण सुखरूप झालं हो!” बायको म्हणाली. ताई इतकी लाजून हसली की मला ती लहानपणची आठवली.

पुढचं काम माझं, असं मीच ठरवून टाकलं. फ्रिजचं रिकामं खोकं मागच्या खोलीत मांडलं, तळाला भुसा पसरला, वरून शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सोडला आणि अर्ध्या तोंडावर ब्लँकेट घातलं. ताई तासन् तास तिथे बसायची. “पिल्लं एकमेकांवर चढली की समजायचं, त्यांना थंडी वाजतेय. लांब कडेला गेली की उकडतंय. इकडेतिकडे फिरत असली की समजायचं, बरं चाललंय.” तिचं शास्त्र एवढंच. एकदा पिल्लं कडेला गेलेली पाहून तिनं बल्ब वीतभर वर घेतला, आणि मी ओरडलो.

“मला शिकवतेस? वायरीला हात लावायचं काम नाही!”

कामाच्या पेटीत एक जुना स्टिकर उरला होता. लाल कवटी आणि खाली ‘धोका! हात लावू नका’. तो मी खोक्यावर चिकटवला. सगळे हसले. ताईही हसली, पण त्यानंतर तिनं बल्बला बोट लावलं नाही.

दहाव्या दिवशी संध्याकाळी बल्ब गेला. मी मित्राकडे मॅच बघायला निघालो होतो, बूटसुद्धा घातले होते. खणात जो हाताला लागला तो बल्ब लावला. एलईडी, पांढराशुभ्र. खोकं लख्ख उजळलं आणि मी निघून गेलो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्या दिव्याखाली बर्फ होता.

सकाळी पाच पिल्लं कोपऱ्यात एकावर एक पडलेली, ताठ. चार त्यांच्या आडोशानं जगली होती. मी बल्बला हात लावला. थंडगार. मग मी काय केलं, तर पिल्लं उचलली नाहीत. आधी पिवळा बल्ब शोधून लावला, पांढरा स्वेटरच्या खिशात टाकला, ब्लँकेट ओढून एका बाजूला केलं. आणि मग गळा काढला, “ताई! हे ब्लँकेट कुणी सरकवलं?”

चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

ताई धावत आली. खोक्यात बघितलं, ब्लँकेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. “मीच असेन रे,” ती हळूच म्हणाली. “दाणे घालताना राहिलं असेल.”

बायकोनं तिच्याकडे असं काही पाहिलं की कुणालाही ते लागावं. मी तेही चालू दिलं.

त्यानंतर आठवडाभर ताई मागच्या खोलीत फिरकली नाही. मीही तो स्वेटर अंगाला लावला नाही. कुडकुडत हिंडलो, पण त्या खिशाजवळ जायची हिंमत झाली नाही.

मग एक पिल्लू मलूल झालं. त्याच्या शेपटीखाली घाण वाळून घट्ट बसली होती, दाणा टिपेना. असली कामं ताईच करायची. मी तिच्या दाराशी गेलो.

“नको रे,” ती म्हणाली. “माझ्या हाताला यश नाही.”

हे मात्र ऐकवेना. मी स्वेटर आणला, खिशातला बल्ब काढून तिच्यापुढे धरला. “हा लावला होता मी. ब्लँकेट तू सरकवलं नव्हतंस, मी सरकवलं. मला लाज वाटते, ताई.”

“ठाऊक आहे मला,” ताई म्हणाली. “त्याच संध्याकाळी बघितलं. तू गेल्यावर पिल्लं एकमेकांवर चढायला लागली. आत हात घातला तर गारच. मग ब्लँकेट चारी बाजूंनी खोचून ठेवलं.”

“मग बल्ब काढला का नाहीस? निदान हिला तरी सांगायचंस!” माझा आवाज तेव्हाही चढलाच.

ती जराशी मागे सरकली. “वाटलं, तुझं काही गणित असेल त्यात. आणि काढला असता, तर तू ओरडला असतास.”

मी तिथेच खाली बसलो. पाच पिल्लं थंडीनं मेली असं मी आठवडाभर स्वतःला सांगत होतो.

ताईच उठली. मागच्या खोलीत जाऊन पिल्लू मांडीवर घेतलं आणि म्हणाली, “कोमट पाणी आण वाटीत. आणि कापूस.”

मी धावतपळत पाणी तापवून आणलं. तिनं वाटीत बोट बुडवलं, चटकन बाहेर काढलं, स्वेटरला पुसलं. मग वाटी बाजूला ठेवून ती नुसती बसून राहिली, पिल्लावर हात धरून.

“फार कढत आहे का गं?” मी विचारलं.

“नाही रे,” ताई म्हणाली. “निवेल आत्ता.”

तिच्या बोटाचं टोक लालबुंद झालं होतं.