बेचाळिसावी अट

परिशिष्टसाहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि खणखणीत आवाजात वाचून दाखवलं,

"अट क्रमांक बेचाळीस. आधी बसा, पाणी घ्या, घाई नाही, मग सांगा काय झालं."

नव्या सॉफ्टवेअरच्या निविदेची बैठक चालली होती. संगणक विभागाचा प्रमुख खिडकीबाहेर बघायला लागला, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. टेबलाच्या टोकाशी बसलेल्या पेन्शनच्या खिडकीवरच्या हयातबाईंनी मात्र मान खाली घातली. ते वाक्य त्यांनी ओळखलं होतं. आपलंच बोलणं असं छापील होऊन समोर यावं, तेही सरकारी निविदेत, म्हणजे पंचाईतच की.

"हे पेन्शनच्या सॉफ्टवेअरनं करायचं आहे?" साहेब म्हणाले. "पाणी कुणाला पाजायचंय?"

"साहेब, ते माझं आहे," हयातबाई म्हणाल्या. "म्हणजे अट नाही ती. मी बोलले होते."

झालं होतं ते असं. नव्या सॉफ्टवेअरकडून पेन्शन विभागाला काय काय हवं, याची जंत्री बाईंनी द्यायची होती. टायपिंग म्हटलं की बाईंच्या अंगावर काटा येई, म्हणून त्या फोनपुढे बोलत आणि फोन लिहून घेई. पण बाई बसणार खिडकीवर, आणि खिडकीवर माणसं यायची थांबतात थोडीच! कुणी आजोबा जिना चढून धापा टाकत आले, बाई सगळ्यांनाच जे म्हणतात ते त्यांनाही म्हणाल्या, आणि फोन बिचारा, त्याला काय कळतंय? त्यानं तेही इमानेइतबारे टिपून घेतलं. पुढे जंत्रीला क्रमांक पडले, ती टेबलाटेबलांवरून फिरली, प्रत्येकानं सही ठोकली आणि वाचली कुणीच नाही. शेवटची सही खरेदी अधिकाऱ्याची, म्हणजे खुद्द परिशिष्टसाहेबांची होती. हे त्यांच्याही आत्ताच ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी पान जरा घाईनंच उलटलं.

साहेबांना हे नाव पडलं त्याला कारण होतं. त्यांना काहीही विचारा, अगदी कॅन्टीन कुठे आहे असं विचारलं तरी, "परिशिष्टात दिलं आहे," हेच उत्तर यायचं. आणि बाई हयातबाई झाल्या त्या वर्षानुवर्षं पेन्शनरांचे हयातीचे दाखले घेऊन. माणूस अजून आहे, एवढंच त्या कागदावर लिहिलेलं असतं. पण तो वेळेत पोचला नाही तर पेन्शनचं घोडं अडतं.

"बरं, कंपन्यांनी काय उत्तर दिलंय?" संगणकवाल्यानं विचारलं. प्रत्येक अटीपुढे कंपनीनं होय किंवा नाही लिहायचं होतं.

साहेबांनी तिन्ही गठ्ठे जवळ ओढले. "मोठी कंपनी, बेचाळीस, होय. पूर्णपणे उपलब्ध." त्यांचा आवाज थोडा बसला. "स्वस्तवाली. होय."

आता मात्र संगणकवाला फुटलाच. टेबलावर डोकं टेकून तो खदाखदा हसला.

"आणि तिसरी?" बाईंनी विचारलं.

"नाही," साहेब म्हणाले. "खाली टीप आहे. या वाक्याचा अर्थ आम्हाला कळला नाही. ते चुकून आलं असल्यास सोडून द्यावं. चुकून आलं नसल्यास आमच्याकडे ही सोय नाही."

बाईंना एकदम बरं वाटलं, आणि पुढच्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की यात बरं वाटण्यासारखं काही नाही. नाही म्हटलं की गुण जातात. तिसरी कंपनी छोटी होती, आधीच केसभर मागे होती. बाईंचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. ते सॉफ्टवेअर जिथे वापरतात तिथल्या खिडकीवर त्यांनी फोन करून विचारलं होतं, आणि पलीकडची बाई म्हणाली होती, "दिसायला अगदी कंटाळवाणं आहे हो, पण कुणी रडत येत नाही." बाईंना तेवढंच हवं होतं.

"ती अट काढून टाका ना, साहेब. चूक माझी आहे, मी तसं लिहून देते."

"उघडलेल्या निविदेतला स्वल्पविरामसुद्धा हलवता येत नाही, बाई. परिशिष्ट..."

"कळलं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या घरी गेल्याच नाहीत, तडक मावशीकडे गेल्या. आई लवकर गेल्यावर या मावशीनंच त्यांना वाढवलं होतं. तिचा नवरा पाणीपुरवठ्यात होता, तो गेल्यावर त्याची पेन्शन तिच्या नावे झाली, आणि तीच आता तिचा आधार. मागचं सॉफ्टवेअर आलं त्या वर्षी मावशी पाय मोडून अंथरुणात होती. दाखल्याची मुदत टळली. त्या यंत्राला दोनच गोष्टी ठाऊक होत्या, हयात किंवा मयत. दाखला आला नाही, म्हणजे मयत, आणि पेन्शन बंद. यंत्रानं कुणाला विचारलं नाही, ना कुणाला सांगितलं. मावशी काठी टेकत टेकत कार्यालयात आली आणि खिडकीतून भाचीला म्हणाली, "मेले तर मेले गं, पण मला कळवायचं तरी!"

सगळं कार्यालय हसलं होतं. बाईही हसल्या होत्या. पण त्यानंतर मावशी भाजी आणायला निघाली तरी पिशवीत दाखल्याची प्रत घालून निघायला लागली, आणि दर वर्षी मुदत सुरू होण्याच्या सकाळी खिडकीवर पहिला नंबर तिचाच असायचा. कार्यालय उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसायची. त्या वेळी तिच्याकडे बघताना बाईंना लाज वाटायची. आपल्या खिडकीनं आपल्याच माणसाला अशी धास्ती घालावी!

बेचाळिसाव्या अटीची हकिकत ऐकून मावशी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

"आणि दोन कंपन्या म्हणतात, देतो पाणी?"

"हो ना."

"त्यांचं काय जातंय? हो म्हणायला जीभ तर हलवायची." तिनं पदरानं डोळे पुसले. "मागचे लोक काय म्हणाले होते गं?"

बाईंच्या हातातला कप तोंडाशी जाता जाता थांबला. "सगळ्यालाच हो म्हणाले होते."

"मग!" मावशी म्हणाली आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अजून टोपीही खुंटीला लावली नव्हती, तोच बाई त्यांच्या दारात उभ्या.

"साहेब, बेचाळिसाला होय लिहिणाऱ्यांनी आपली जंत्री वाचलीच नाही. आपल्यासारखंच."

शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि बाईंनी जीभ चावली. साहेबांचे कान लाल झाले. मग त्यांनी निविदेची प्रत काढली, मागची पानं चाळली, आणि खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसे एका पानाकडे बघत राहिले.

"परिशिष्ट ग," ते म्हणाले. "दिलेला प्रत्येक होकार समितीपुढे करून दाखवणं बंधनकारक. जो दाखवता येणार नाही तो नकार धरावा."

"हे आपण कधी करून घेतलंय?"

"कधीच नाही. फार वेळ जातो."

"मग?"

"जाऊ दे वेळ," साहेब म्हणाले. "मीच लिहिलंय हे परिशिष्ट. लिहिलं तेव्हा मनापासून लिहिलं होतं हो."

कंपन्यांना बोलावणी गेली. मोठ्या कंपनीचा माणूस कोट घालून आला. त्याच्या पडद्यावर हिरव्या बागेत हसणारी म्हातारी जोडपी फिरत होती. साहेबांनी बागेतून त्याला सरळ बेचाळिसाव्या अटीवर आणलं. कोटवाल्यानं ती वाचली, गळ्यातला टाय सैल केला आणि म्हणाला, "ही सोय आमच्या स्वागत विभागात येते."

"दाखवा."

"ती पुढच्या टप्प्यात येईल."

"पाणी पुढच्या टप्प्यात," असं पुटपुटत साहेबांनी नकार लिहिला. मग एकेक अट घेत ते चालले, आणि कितीतरी होकार असेच पुढच्या टप्प्यात निघाले. दाखल्याला उशीर झाला तर काय होतं, हेही त्यांत होतं. स्वस्तवाल्या कंपनीचा माणूस स्वभावानं बरा होता. तो म्हणाला, "साहेब, खरं सांगू का? होयचा रकाना आम्ही वरपासून खालपर्यंत एकदम भरतो." त्याला संगणकवाल्यानं आपल्या पैशानं चहा पाजला.

छोट्या कंपनीकडून आली एक तरुण बाई, साधी, केस वर बांधलेले. तिच्या पडद्यावर बाग नव्हती. करड्या रंगाची चौकट आणि त्यात नावं, एवढंच. बघताना संगणकवाल्याला जांभई आली. हयातबाई मात्र खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"एक सांगा. माणसाचा दाखला आला नाही. आहे की गेला, काही कळत नाही. मग तुमचं यंत्र काय करतं?"

"काहीच करत नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पेन्शन चालू ठेवतं. आणि खिडकीवर जे बसलेत त्यांना सांगतं, फोन करून विचारा. विचारल्याशिवाय ते नाव पडद्यावरून जात नाही." ती जरा अडखळली. "कुणी गेल्याचं यंत्रानं ठरवू नये, असं आम्हाला वाटतं. गुण कमी पडले तरी चालेल."

हयातबाईंनी ग्लासभर पाणी ओतून त्या मुलीपुढे सरकवलं. साहेबांनी चष्म्यावरून ते पाहिलं आणि पुढची अट वाचायला घेतली.

गुणांची बेरीज झाली तेव्हा छोटी कंपनी पुढे होती. बेचाळिसाव्या अटीचे गुण तिला शेवटपर्यंत मिळाले नाहीत. परिशिष्टसाहेब कुणाला फुकट गुण देणाऱ्यांतले नव्हते.

नवं सॉफ्टवेअर कार्यालयात रुळायला वेळ लागला. कुरकुर झाली, जुनं बरं होतं असं म्हणणारेही निघाले, पण खिडकीवर रडत कुणी आलं नाही. बघता बघता दाखल्यांचे दिवस आले. मुदतीच्या पहिल्या सकाळी बाईंनी सवयीनं पायरीकडे पाहिलं, मावशी नव्हती. ती तेव्हा परगावी मुलीकडे राहायला गेली होती. येईल परत आल्यावर, असं म्हणून बाई कामाला लागल्या, आणि कामाच्या रगाड्यात ते मागे पडलं.

मुदत संपल्यानंतरच्या सकाळी बाईंनी यंत्र सुरू केलं. करड्या चौकटीत नावं उमटली. वर लिहिलं होतं, दाखला आलेला नाही, पेन्शन चालू आहे, फोन करून विचारा. अगदी वरचं नाव मावशीचं होतं.

मावशी आणि दाखला द्यायची विसरेल? एक वेळ सूर्य उगवायचा विसरेल! मुलीकडून परतून तिला आठवडा झाला होता आणि आपण एकदाही तिकडे फिरकलो नाही, हे त्यांना आत्ता आठवलं. त्यांनी फोन लावला. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. पुन्हा लावला. शेजारच्या टेबलावरच्या लेखनिकानं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"हं, कोण?" पलीकडून आवाज आला.

"मावशी!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "अगं, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? केस धूत होते."

बाईंच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ राग. "मग दाखला का नाही दिलास? मुदत संपली काल! विसरलीस?"

"विसरते कशी? मुद्दाम नाही दिला."

"मुद्दाम?"

"बघावं म्हटलं, विचारताय का."

बाईंचे डोळे भरून आले होते आणि समोरची नावं पुसट दिसत होती. पलीकडे मावशी टॉवेलनं खसाखसा केस पुसत होती, तो आवाज येत होता.

"उद्या येते दाखला घेऊन, सावकाश, जेवणखाण आटपून," मावशी म्हणाली. "आता ठेव फोन. तुझ्या फोनची वाट बघत आणखी कुणी बसलं असेल."