नखाएवढी जागा

दादा गेल्यावर त्याच्या स्टुडिओतली भिंत कुणी हलवली नाही. तिच्यावर घरच्यांचेच फोटो होते. पण अख्खं माणूस त्यांतल्या एकातही नव्हतं. दादाकडे मान वाकवणारी एक लेन्स होती. ती जिकडे झुकवावी तिकडची नखाएवढी जागा तेवढी रेखीव उमटायची, आणि बाकीचं माणूस धुक्यात विरघळून जायचं. वडिलांच्या फोटोत शर्टाचं वरचं बटण होतं, वहिनीच्या फोटोत मानेवरचे सुटलेले केस, धाकट्या बहिणीच्या फोटोत कानामागचा तीळ. वहिनीचा फोटो बघून आई विचारायची, "आणि बाकीची सून कुठं गेली रे?" दादा हसायचा. "तुझी वेळ आली की कळेल."

ती वेळ येण्याआधी दादाच गेला. आईच्या फोटोसाठी ठोकलेला खिळा रिकामा राहिला.

धाकटीला तो बघवेना. दादाचा कॅमेरा तिने हाती घेतला तेव्हा आईने एकच अट घातली. "एकदा बसेन. त्या खुर्चीत पुन्हा बसायला सांगू नकोस, मला झेपायचं नाही."

फोन आपणहून सगळं स्पष्ट करून देतो; ही लेन्स आपणहून काहीच करत नव्हती. दादाच्या शेजारी दिवे धरून उभी राहण्यात वहिनीची वर्षं गेली होती. तीच शिकवू लागली. "आधी मान वाकव, मग लेन्सवरचं कडं फिरव. उलट केलंस की धरलेली जागा हातातून निसटते." धाकटीने पहिले काही दिवस नेमकं उलटंच केलं. मग क्रम अंगवळणी पडला, तरी जागा सापडेना. नळाची तोटी, दाराची कडी, दोरीवरचे चिमटे, सगळ्यांवर तिने हात चालवून पाहिला.

"हे काय, ढग?" वहिनी फोटो बघून म्हणाली.

"नळ आहे."

"बरं. ताप आलेला दिसतोय त्याला."

हसता हसता वहिनीने चष्मा पुसायला घेतला, आणि मग बराच वेळ ती तो पुसतच राहिली.

कॅमेऱ्याला डोळा लावला की धाकटीला जग पाण्याखाली गेल्यासारखं दिसायचं. कडं फिरवताना ते थोडं वर यायचं, पुन्हा बुडायचं. तळाला कधी लागलं आणि काठाला कधी, हे ठरवता यायचं नाही. हा लेन्सचाच स्वभाव असेल, असं ती धरून चालली. कधी वाटायचं, आपलेच डोळे भरून आलेत. ते पुसून ती पुन्हा बघायची. पुन्हा पाणीच.

आई बसली त्या दुपारी तिने केस नीट विंचरले होते. खुर्चीच्या कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारखी ती टेकली. खिडकीतला उजेड तिच्या एका गालावर होता. दुसऱ्या गालाकडे तो वळवण्यासाठी वहिनी पांढरा पुठ्ठा धरून उभी होती. धाकटीने लेन्सची मान वाकवली, कडं फिरवलं, मागे आणलं, पुन्हा फिरवलं. आईचा चेहरा नुसताच दाट व्हायचा आणि विरळ व्हायचा. उजेड गालावरून हनुवटीकडे सरकू लागला.

"मी मेणाची झाले बरं का," आई ओठ न हलवता म्हणाली.

"एक मिनिट, आई."

वहिनीने पुठ्ठ्याआडून धाकटीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "धाकटे, आत चौकटीच्या रेषा आहेत ना? आईंकडे नको बघूस. त्या रेषांकडे बघ. स्पष्ट आहेत?"

"नाही. त्याही पुसटच आहेत."

"त्या पुसट असता कामा नयेत. लेन्सचा आणि त्यांचा काही संबंध नाही." वहिनीने पुठ्ठा खाली टेकवला. "डोळा लावतेस ना, त्याच्या बाजूला बारीक चाक आहे. तुझा दादा चष्मा काढून फोटो काढायचा. ते चाक त्याच्या नंबरावर लावलेलं आहे."

धाकटीने कॅमेरा डोळ्यापासून दूर केला. "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"फिरवलं असतंस."

धाकटीचं बोट त्या चाकावर गेलं आणि तिथेच थांबलं. दादाचे कपडे देऊन झाले होते, चपला दिल्या होत्या, त्याचा फोन बंद केला होता. या एवढ्याशा दातेरी चाकात मात्र त्याचं बघणं अजून अडकून होतं. इतके दिवस तिला जिथून नुसतं पाणी दिसलं, तिथून त्याला सारं लख्ख दिसत होतं.

"म्हणजे," आईने विचारलं, "आत्ता तुला मी दिसतच नाहीये?"

"नाही."

आई खुर्चीत मागे सरकून नीट बसली. "मग फिरव. मी त्याला कशी दिसायचे, ते मला ठाऊक आहे. तू कधी बघणार?"

चाक बारीक आवाज करत फिरलं. वहिनीने पुठ्ठा पुन्हा उचलला, अगदी सरळ धरला. तोंड मात्र भिंतीकडे वळवलं.

आधी रेषा उमटल्या, केसासारख्या. धाकटीने मान वाकवली, मग कडं फिरवलं, आणि आईच्या डोळ्याकडे जाता जाता तिचा हात भुवईपाशी थांबला. केसांत एक तिरपी, पांढुरकी चीर होती. तिने बटण दाबलं.

"आई, भुवईत ही खूण कसली?"

"ती होय? तुझ्या दादाने चमचा भिरकावला होता. दात येत होते त्याला."

"मला कधीच कशी दिसली नाही?"

"तुला आईच्या तोंडाकडे बघायला फुरसत कुठं होती?"

कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटो उमटला. चीर तेवढी रेखीव होती. डोळे, कपाळ, विंचरलेले केस, सगळं धुक्यात. आईने कॅमेरा दोन्ही हातांत घेतला.

"आणि बाकीची मी कुठं गेले?" ती हळूच म्हणाली. ती खिळ्याकडे बघत होती.

आई आत गेल्यावर वहिनीने चष्मा केसांवर सरकवला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. रिकामी खुर्ची तिला पुसट दिसत असणार. तिचं बोट चाकाशी गेलं, क्षणभर रेंगाळलं, आणि न फिरवताच मागे आलं.

"धर," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्याला लागलाय आता."