झुमवॉल्टची दोन मिनिटं

एकवीस वर्षं मी आमच्या राज्याच्या विधानसभेत सभासदांची नावं पुकारते आहे. अबर्नथीपासून झुमवॉल्टपर्यंत नव्व्याण्णव नावं मला झोपेतही पाठ आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या शेवटच्या नावाचा मला मनापासून कंटाळा होता. मतदानाच्या वेळी प्रत्येकाला आपलं मत समजावून सांगायला दोन मिनिटं मिळतात. बाकीचे कधीमधी घेतात. ऑर्विल झुमवॉल्ट दरवेळी घेतो आणि आजोबांच्या खेचरापासून सुरुवात करतो.

तो अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. पाचला सभागृह उठणार. कॉटनवुड फॉर्क गावचा प्रसूतिकक्ष बंद पडू नये म्हणून दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर करून गव्हर्नरकडे पाठवलं होतं. तिथून पुढचा प्रसूतिकक्ष नव्वद मैलांवर आहे. जानेवारीत एक बाळ बर्फात अडकलेल्या पिकअपमध्येच जन्मलं. त्याला हातात घेणारी नर्स कोरीन सकाळपासून वर प्रेक्षकांच्या सज्जात बसून होती.

खर्च झेपणार नाही म्हणत गव्हर्नरने नकार दिला, आणि तो कागद मुद्दाम शेवटच्या दुपारी पाठवला. नकार देणं हा त्याचा हक्क. दोन तृतीयांश मतांनी तो मोडणं हा आमचा, पण पाचच्या आत. वरच्या सभागृहाने, सिनेटने, आपल्या बाजूने तो मोडून आमच्याकडे धाडला तेव्हा पाचला दहा कमी होते. आम्हाला सहासष्ट मतं हवी होती.

दारावरचा डेल्बर्ट सवयीने शिडी घेऊन आला. शेवटच्या दिवशी काम उरलं की भिंतीवरचं घड्याळ थांबवायचं, ही आमची जुनी खोड.

"शिडी परत ने," मी म्हणाले.

"अगं वेर्ना, दरवर्षीच तर करतो."

"गेल्या वर्षी कोर्टाने काय बजावलंय? थांबवलेल्या घड्याळावर केलेला कायदा पुन्हा आला तर रद्द. इतिवृत्तात वेळ मी लिहिते. खोटी लिहिणार नाही."

सभापती हॉल्वर्सन बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग बाई, जीभ पळव."

गव्हर्नरचा कागद मी एका दमात वाचला. पाचला सात कमी. मी नावं पुकारू लागले. हो, हो, नाही, हो. विरोधकांपैकी कुणीही बोलायला उठलं नाही. कशाला उठतील? शेवटी झुमवॉल्ट होता ना.

अठ्ठ्याण्णव नावं झाली. सहासष्ट हो. पाचला एक मिनिट कमी. झुमवॉल्टच्या मताने आता आकडा बदलणार नव्हता, पण त्याचं बोलणं संपल्याशिवाय निकालही जाहीर करता येणार नव्हता.

"मिस्टर झुमवॉल्ट," मी पुकारलं.

तो सावकाश उठला, चष्मा पुसला. घड्याळाकडे पाहिलं, मग वर कोरीनकडे. आलं खेचर, मी मनात म्हटलं.

"नाही," झुमवॉल्ट म्हणाला आणि खाली बसला.

हातोडा पडला, नकार मोडला. मी लिहिलं, चार वाजून एकोणसाठ मिनिटं. वेळ खरी होती.

बाहेर कोरीन जिन्यावरून धावत आली. आपल्या बाजूच्यांना सोडून तिने आधी झुमवॉल्टचा हात धरला. त्याला अवघडल्यासारखं झालं.

"पोरी, मी तुझ्या विरोधात मत दिलंय."

"ऐकलं मी," ती म्हणाली, पण हात सोडला नाही.

"ऑर्विल," मी विचारलं, "आज खेचर कुठे गेलं?"

"हरायचं तर मोजणी होऊन हरावं, वेर्ना. मीच मोजणी अडवली, तर उद्या माझ्या मताला कोण विचारील?" त्याने टोपी चढवली. "पण हे पैसे आणणार कुठून, ते पुढच्या वर्षी विचारणार आहे. पुरी दोन मिनिटं घेऊन."

"घे," मी म्हणाले. "खेचरासकट घे. मी ऐकीन."