दुसरी हाक

मी एक जुनं टाकं आहे, मित्रांनो. पूर्णेच्या खोऱ्यावर एक पडका गड आहे. त्याच्या पोटात पाथरवटांनी मला बारा वर्षं खोदलं. एकदा एक हत्ती पाणी पिताना माझ्यात शिंकला, ती शिंक तीन पावसाळे घुमत होती. खोटं वाटत असेल तर हत्तीला विचारा. पुढे राजे गेले, तट ढासळले, आणि माझ्या वाट्याला शेवाळ नि वटवाघळं आली.

गडावरची रीत अशी, की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच बोलावतं, माणूस दोनदा.

१९५५ साली सीताफळं पिकली होती. पायथ्याची सुभद्रा तटाशी फळं तोडत होती. तिचा नवरा देवराव पाणी काढायला वाकला आणि पायरी सुटली. "सुभद्रे, दोर टाक वं," तो आतून ओरडला. तिनं ऐकलं. रीतीप्रमाणे दुसऱ्या हाकेसाठी थांबली. दुसरी आलीच नाही.

तेव्हापासून सीताफळाच्या दिवसांत ती दोर घेऊन यायची, माझ्यात वाकायची. मी देवरावाची हाक परत देत असे, पण एकदाच. मिळालं तेवढंच देता येतं. त्यात सहलीची माणसं माझ्यात दगड टाकत. दरवर्षी हाक बारीक होई.

१९६३ साली, भर दुपारी, अमरावतीचे वकील मोरोपंत हातात धोंडा घेऊन काठाशी आले. सुभद्रा दोर घेऊन तिथंच वाकली होती; त्या वर्षीची एक हाक मी तिला नुकतीच दिली होती.

"नोका टाकू, साहेब. दगडानं त्याचा आवाज दबते."

"कोणाचा?"

"घरधन्याचा. सुभद्रे, दोर टाक, म्हनते. एकडाव अजून म्हनला का मी ओ देईन."

"बाई, हे टाकं आहे, रेडिओ नाही." मोरोपंत हसले, वाकले आणि गमतीनं तेच शब्द आत ओरडले.

वकिलांचा आवाज मी सगळाच्या सगळा गिळला. परत दिला तो देवरावाचा.

मोरोपंतांनी धोंडा हळूच खाली ठेवला.

"ओ," सुभद्रा म्हणाली. "आली मी." तिनं दोर सोडला. दोर ताठ झाला. मी तो धरला नव्हता.

वर ओढला तेव्हा टोकाला फास होता, माणूस कमरेला बांधतो तसा. ती तो छातीशी धरून गड उतरली. पुन्हा आली नाही.

आता माझ्यात पाण्यापेक्षा दगडच जास्त आहेत. मित्रांनो, गडावर आलात तर आणखी टाकू नका. वाकून ऐका. आणि आतून कुणी बोलावलं, तर दुसऱ्या हाकेची वाट पाहू नका.