सिनेमातल्या वकिलाचा पेन

मित्रांनो, मी एक जुना फाउंटन पेन आहे, आणि तोही नकलेचा. अस्सल पेन एका सिनेमातल्या वकिलाच्या खिशाला होता. माझे मालक खुशाल गुरुजी बेला गावच्या शाळेत शिकवायचे. तरुणपणी तंबूतल्या टाकीजमध्ये त्यांनी तो सिनेमा पाहिला आणि वकिलापेक्षा त्याच्या पेनावरच त्यांचा जीव जडला. पुढे नोकरी लागल्यावर त्यांनी आदिलाबादच्या एका कारागिराला चित्र काढून सगळं समजावलं आणि मला काळाभोर घडवून घेतलं.

गुरुजींच्या पेटीत असे सिनेमातले पुष्कळ पेन होते. कुणी डॉक्टरचा, कुणी फौजदाराचा. दर रविवारी मलमलीच्या फडक्याने आमची अंगं पुसली जात. शाई मात्र कुणालाच मिळत नसे. "शाई भरली का पेन जुना होते," असं गुरुजींचं म्हणणं. आम्ही आपले नवरदेवासारखे नटून बसायचो, आणि वरात काही निघायची नाही!

एक दिवस गुरुजींचे मित्र चंपतराव धापा टाकत आले. त्यांनाही सिनेमाचा भारी नाद. "गुरुजी, घात झाला! टाकीजवाल्यापाशी रंगीत पोस्टर पाह्यलं म्या. वकिलाचा पेन हिरवा हाय!"

सिनेमा होता काळा-पांढरा. गुरुजींना रंग कुठून कळणार? त्या पोस्टरवाल्याने वकिलाचे गालही गुलाबी रंगवले होते म्हणे, म्हणजे रंग सगळे त्याच्या मनाचेच, पण माझं कोण ऐकतो! गुरुजींचं तोंड उतरलं. चुकीची नक्कल म्हणून त्यांनी मला पेटीतून काढलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर टाकून दिलं. फार रडू आलं हो मला.

तिथे मी गुरुजींच्या बायकोच्या, पंचफुलाबाईंच्या हाती लागलो. गावातल्या बायांनी बचत गट काढला होता आणि पंचफुलाबाईंना अध्यक्ष केलं होतं. पण बँकेने कळवलं, अध्यक्षाला सही आली पाहिजे, नाहीतर दुसरी बाई निवडा. बाईंना अक्षर येत नव्हतं.

"अवो, मले नाव लिवाले शिकवा," त्या रोज म्हणायच्या. "शिकवतो ना, उद्या," गुरुजी रोज म्हणायचे. बँकेत जायची वेळ जवळ आली, तरी रविवारी गुरुजी आपले पेटी उघडून बसलेले. मग मात्र बाईंनी मला त्यांच्यापुढे आपटलंच.

"गावच्या पोराईले शिकवता, पेनाईचे अंग पुसता, अन घरची बाई अंगठा लावते! काऊन, माया हाताले रोज उद्याच हाय काय?"

गुरुजींचा चेहरा पडला. ते उठले, शाईची दौत आणली आणि माझं पोट भरलं. त्या थंड शाईचा पहिला घोट मी जन्मात विसरणार नाही!

बाईंचा हात खुरप्याचा. त्या मला असं दाबत की निबाच्या दोन्ही फाकी वेगळ्या होत. "दाबू नको व, नुसता टेकव," गुरुजी सांगत. पानंच्या पानं खराब झाली. पण बाई हटल्या नाहीत.

बँकेत साहेबांनी सवयीने अंगठ्याच्या शाईचा डबा पुढे सरकवला. बाईंनी तो मागे सारला. "सई करतो मी," त्या म्हणाल्या. 'फ'वर डाग पडला, पण नाव पुरं झालं. साहेबांनी ते निरखून पाहिलं आणि शिक्का मारला. सोबतच्या बायांनी तिथेच टाळ्या पिटल्या.

घरी आल्यावर गुरुजींनी मला धुऊन पुसलं. "आता याले मानानं पेटीत ठेवतो," ते म्हणाले.

"ठेवा बरं ठेवून!" बाईंनी मला त्यांच्या हातून ओढूनच घेतलं. "उद्यापासून गटातली बयनाबाई शिकाले येऊन राह्यली. पेन माया हाय."

गुरुजी हसले, आणि पेटीतला फौजदाराचा पेन काढून त्यातही शाई भरू लागले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा कोरडा पेन पडला असेल. त्याला नुसता पुसून ठेवू नका. त्यात शाई भरा, आणि घरात ज्याला अजून लिहिता येत नाही, त्याच्या हाती तो आधी द्या.