झुलींच्या वेबसाइटचा सूड

मित्रांनो, मी एक वेबसाइट आहे. वय तीन वर्षं, म्हणजे माझ्या जातीत म्हातारीच. मला राग फार येतो आणि आलेला राग मी विसरत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं घर देऊळगाव राजाला. तिथे अजीजुन्निसा नावाच्या बाई पोळ्यासाठी बैलांच्या झुली शिवतात. लाल मखमल, त्यावर आरशांचं काम, कडेला लोकरीचे गोंडे. बाजारोबाजार फिरणं त्यांना झेपेनासं झालं, तेव्हा त्यांची लेक महनूर हिने मला बनवून घेतलं. गिऱ्हाईक आता घरबसल्या येईल, अशी तिला आशा होती.

मला हरिओम नावाच्या माणसाने घडवलं. आमच्यात काम अर्धवट असताना एक खूण करून ठेवतात. 'सर्च इंजिनने हिला यादीत घेऊ नये' असा तिचा अर्थ. काम संपलं की ती खूण काढायची असते. हरिओमने पैसे घेतले, चहा प्यायला आणि खूण तशीच ठेवून निघून गेला.

मी नटूनथटून बसले. सर्च इंजिनचा फेरीवाला दारापर्यंत यायचा, खूण वाचायचा आणि मागे फिरायचा. लोक 'बैलाची झूल' शोधायचे, त्यात मी कुठेच नसायची.

"कोनी इचारलं का वं?" अजीजुन्निसा लेकीला विचारायच्या.

"नाही, अम्मी."

आपल्या झुली आता कुणालाच नकोत, असं त्यांना वाटू लागलं. यंदाच्या पोळ्यालाही असंच झालं तर शिलाई मशीन विकून टाकायची, असं त्यांनी ठरवलं. झुलीत काही खोट नाही, मलाच कोंडून ठेवलंय, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. पण वेबसाइटला तोंड कुठे असतं?

पुढे हरिओमने माणिकराव नावाच्या व्यापाऱ्याची वेबसाइट केली. माणिकराव पातळ, छापील कापडाच्या झुली विकायचा. त्या फोटोत काय शोभणार? हरिओमने माझ्या पानांवरचे झुलींचे फोटोच तिथे लावले. तेही आळशीपणाने! फोटो उचलून नेले नाहीत, नुसता माझा पत्ता देऊन ठेवला. माणिकरावचं पान कुणी उघडलं की ते माझ्यापुढे हात पसरायचं आणि मला मुकाट्याने फोटो द्यावा लागायचा. खूण काढायला विसरला, ते मी एक वेळ माफ केलं असतं. हे कसं करणार?

पोळा जवळ आला आणि एक दिवस गावातले शेतकरी पुंजाजी मोबाइल पुढे धरून अंगणात आले.

"काऊन वो अजीजुनबाई, माहा सर्जा माणिकरावच्या दुकानात कधी गेला?"

फोटोत त्यांचाच पांढरा बैल होता, याच अंगणात उभा. अजीजुन्निसांनी पडद्यावरून बोट फिरवलं. "हे गोंडे तं माह्या हातचे हायत," म्हणाल्या आणि रडू लागल्या. त्या क्षणी मला सुडाशिवाय दुसरं काही सुचेना.

माणिकराव लोकांना सापडतो तर आपण का नाही, म्हणून महनूरने माझी आतली कपाटं उपसली. खूण सापडली, ती काढली, माझ्या सगळ्या पानांचे पत्ते सर्च इंजिनला कळवले. काही दिवसांनी फेरीवाला आला, घरभर फिरून गेला आणि मी यादीत आले. पण माणिकरावच्या खाली! माझेच फोटो आणि मीच खाली.

माणिकरावच्या पानावरचे फोटो आपल्याच घरातून जातात, हेही आता महनूरला कळलं.

"अम्मी, पुसून टाकू का?"

"पुसू नको. पुंजाजीभाऊले बोलाव."

पोळ्याला बैलाच्या अंगावर रंगाने लिहितातच. सर्जाचं लिखाण यंदा चार दिवस आधी झालं, तेही मागच्या बाजूला. 'खरी झूल अजीजुनबाईची, देऊळगाव राजा' आणि खाली फोन नंबर. शेपटी कॅमेऱ्याकडे करून सर्जा ऐटीत उभा राहिला. महनूरने माझ्या पानांवरच्या जुन्या फोटोंना नवी नावं दिली आणि त्यांच्या जुन्या नावांवर हा एकच फोटो ठेवून दिला.

माणिकरावच्या पानाने जुन्याच नावांनी पुन्हा हात पसरला. घे बाबा, म्हटलं, पोटभर घे. 'मखमली झूल', सर्जाचं बूड. 'आरसेवाली झूल', सर्जाचं बूड. सगळ्या दुकानात तेच. मित्रांनो, इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

हरिओमचा फोन आला. "महनूर, ते फोटो काढ ना वं!"

"आमच्या घरातले फोटो हायत, हरिओमभाऊ. तुमी काऊन पाह्यता?"

दुसऱ्या दिवशी त्याने माणिकरावच्या पानावरचे सगळे फोटो उतरवले आणि ते दुकान रिकामं झालं. तोवर तो नंबर गावोगाव पोचला होता. अजीजुन्निसांना मशीनवरून उठायला सवड मिळेना. मशीन विकायचं नाव आता घरात कुणी काढत नाही.

मित्रांनो, कुणाला वेबसाइट बनवून दिलीत तर ती खूण काढायला विसरू नका. दाराआड बसलेल्या जिवाचे हाल फार वाईट असतात. आणि आम्ही हिशेब ठेवतो.

माझ्या तळाशी 'निर्मिती : हरिओम' अशी ओळ आहे. महनूर ती पुसणार होती. मग तिने ती राहू दिली आणि बरोबर त्या ओळीच्या डोक्यावर सर्जाचा तो फोटो लावला. या बघायला. आता मी सापडते.